शॉट कुणाचा, फिल्म कुणाची?

मागच्या अंकात आमच्या पदवीच्या फिल्मबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१३ साली मुंबईत शिकत असताना आम्ही सहा जणांनी मिळून ३ मिनिटं ५० सेकंदांची, हाताने काढलेली ॲनिमेशन फिल्म केली. भोरहून वरंधा घाट उतरत महाडला जाणारी एसटी, नोकरीतली शेवटची फेरी करणारा कंडक्टर आणि पिशवीत कोंबडी घेऊन चढलेली एक मुलगी. तिच्याकडे हाफ तिकिटाचेही पैसे पुरत नाहीत. गोष्ट एवढीच. दिग्दर्शन माझ्याकडे होतं. आज मी गोरेगावातल्या एका स्टुडिओत लेआउटचं, म्हणजे शॉटची मांडणी ठरवण्याचं, काम बघते आणि शनिवारी मुलांना शिकवते, त्यामुळे पत्रांतले बरेचसे प्रश्न मी दर आठवड्याला समोरासमोरही ऐकते. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. सहा निवडली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या वर्गात अकरा गोष्टी सादर झाल्या. मतदानात माझी निवडली गेली आणि मी दिग्दर्शक झाले. ज्या दोघींच्या गोष्टी मागे पडल्या त्या आता माझ्याच टीममध्ये आहेत. दिलेलं काम करतात, पण मन नाही. 'तू सांग, आम्ही काढतो,' एवढंच म्हणतात. त्या माझ्या पहिल्या वर्षापासूनच्या मैत्रिणी आहेत. रात्री झोप लागत नाही.
— तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : 'तू सांग, आम्ही काढतो' हे वाक्य मीही ऐकलंय, आणि ते किती लागतं ते मला ठाऊक आहे. पण त्या दोघींच्या बाजूनं एकदा बघ. त्यांनी आपापल्या गोष्टीवर दोन-तीन महिने घालवले असतील. पात्रांना नावं दिली असतील, शेवटची फ्रेम डोळ्यांसमोर आणली असेल. एका दुपारी हात वर झाले आणि ते सगळं संपलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना तुझ्या पात्राची मॉडेल शीट, म्हणजे ते कसं काढायचं याचा नमुना, हातात मिळाली. दुःख करायला त्यांना एक दिवसही मिळाला नाही.

तेव्हा आधी त्यांच्या गोष्टी पुन्हा ऐकून घे. कॅन्टीनमध्ये बस आणि प्रत्येकीला विचार, 'तुझ्या गोष्टीतलं काय काढायला मिळणार नाही याचं तुला सगळ्यात वाईट वाटतंय?' समजूत घालायला म्हणून विचारू नकोस, तुला खरोखर जाणून घ्यायचं असेल तेव्हाच विचार. आमच्या टीममधल्या सोलापूरच्या मित्राची गोष्ट अशीच पडली होती. ती एका कोंबडीची होती. माझ्या मूळ गोष्टीतल्या मुलीच्या हातात नुसतं दप्तर होतं. त्याला मी हाच प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, 'कोंबडी मान कशी टाकते आणि एकदम कशी वळवते, ते मला काढायचं होतं.' दप्तराच्या जागी पिशवी आली आणि पिशवीतून कोंबडीची मान बाहेर आली. त्या मानेनं आमची फिल्म उभी राहिली. मुलगी गप्प आहे, कंडक्टर गप्प आहे, आणि त्या दोघांच्या मधे तिसरं कुणीतरी टकामका बघतंय. हे मला एकटीला सुचलंच नसतं.

दुसरं म्हणजे, नुसतं काम वाटू नकोस, निर्णय वाटून दे. 'तू बॅकग्राउंड कर' म्हणणं वेगळं आणि 'या फिल्मचा रंग तू ठरव, त्यात शेवटचा शब्द तुझा' म्हणणं वेगळं. आमच्या बॅकग्राउंडवालीला मी तसं म्हणाले खरी, पण तिनं पहिली कलर स्क्रिप्ट, म्हणजे अख्ख्या फिल्मच्या रंगांचा आराखडा, आणली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मला पावसातला हिरवागार घाट हवा होता. तिनं सगळा घाट निळसर करडा केला होता आणि त्यात एकच लाल, एसटीचा. तासभर मी त्या कागदासमोर उभी होते. मग सांगितलं, 'ठीक आहे.' मला पटलं होतं असं नाही. शब्द दिला होता, एवढंच. पटायला डिसेंबर उजाडला, पहिले चार शॉट रंगात बघितले तेव्हा.

तू म्हणशील, मग माझ्या हातात काय राहिलं? एक वाक्य. आमच्या भिंतीवर स्टोरीबोर्डच्या, म्हणजे शॉटवार चित्रांत मांडलेल्या गोष्टीच्या, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'या माणसाला आपलं शेवटचं तिकीट कुणाला द्यायचं ते ठरवायचंय.' कोंबडी आली, रंग बदलला, मुलीचं वय बाराचं आठ झालं. त्या वाक्याला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. कुठलीही नवी कल्पना आली की आम्ही वर बघायचो. वाक्याच्या कामाची असेल तर आत, नसेल तर ती कितीही सुंदर असली तरी वहीत. तुझं वाक्य आज रात्री लिहून काढ. जमलं नाही तर त्या दोघींना मदतीला घे.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत. ऑगस्ट ते एप्रिलपर्यंत वेळ आहे. आमची गोष्ट आठ मिनिटांची होते. सर म्हणतात जास्त आहे, पण एकही प्रसंग काढला तर गोष्टच कळणार नाही. टूडी करतोय. जमेल ना?
— विद्यार्थी, नागपूर

उत्तर : जमणार नाही. सर बरोबर सांगताहेत. पण 'जास्त आहे' एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, म्हणून कागद-पेन्सिल घे आणि माझ्याबरोबर हिशेब कर.

सेकंदाला २४ फ्रेम. टूजवर केलं, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम ठेवलं, तर सेकंदाला १२ ड्रॉइंग. मिनिटाला ७२०. आठ मिनिटांना ५,७६०, आणि ही एका पात्राची. फ्रेममध्ये दोन पात्रं हलत असतील तर दुप्पट. शिवाय प्रत्येक ड्रॉइंग एकदाच काढून भागत नाही : आधी रफ म्हणजे कच्चं, मग क्लीन-अप म्हणजे स्वच्छ रेषेत, मग रंग.

आता वेळ मोज. ऑगस्टच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साधारण ३५ आठवडे. गोष्ट, डिझाइन, स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार जोडून केलेली कच्ची फिल्म) यांत ११ जातात, कमी लागतील असं धरू नकोस. परीक्षा आणि दिवाळी मिळून ३. शेवटचे ६ कंपोझिटिंग (पात्रं आणि बॅकग्राउंड एकत्र जोडणं), साउंड आणि रिटेकसाठी राखायचे. उरले १५. पाच जणांतला एक बॅकग्राउंडला लागेल, आणि तू दिग्दर्शन करत असशील तर तुझा हात निम्माही मोकळा राहणार नाही. म्हणजे ॲनिमेशन करणारे तीन. आमच्याकडे एक जण आठवड्याला रफपासून क्लीन-अपपर्यंत सरासरी चार सेकंद काढायचा आणि आम्ही काही आळशी नव्हतो. तीन माणसं, चार सेकंद, पंधरा आठवडे : १८० सेकंद. तीन मिनिटं. ज्या शॉटमध्ये फक्त कॅमेरा सरकतो किंवा पात्र नुसतं उभं असतं, त्यांचे अर्ध्या मिनिटापर्यंत धर. तुझ्या हातात साडेतीन मिनिटांची फिल्म आहे.

'प्रसंग काढला तर गोष्ट कळणार नाही' असं मलाही वाटलं होतं. आमचं पहिलं ॲनिमॅटिक ६ मिनिटं १० सेकंदांचं होतं, ७१ शॉट. त्यात एसटी एका गावच्या आठवडी बाजारापाशी थांबते असा प्रसंग होता. छत्र्या, प्लॅस्टिकची इरली, टोपल्या, ओरडणारे विक्रेते. माझा सगळ्यात आवडता प्रसंग. सोलापूरकरानं हिशेब मांडला : फक्त त्या ४० सेकंदांना दोन महिने. मी अडून बसले. तीन दिवस अडून बसले. चौथ्या दिवशी बॅकग्राउंडवाली म्हणाली, 'पण बाजार दाखवायचाच कशाला? काच धुकटलेली आहे. आवाज येऊ दे आणि काचेवर रंगांचे ठिपके सरकू देत.' शेवटी तो प्रसंग एका शॉटचा झाला. मुलगी तळव्यानं काच पुसते आणि पुसलेल्या जागेतून एकच छत्री दिसते. सात सेकंद. त्यातला हलणारा भाग म्हणजे एक हात. एसटीच्या आत कोंदून बसलेल्या माणसाला बाजार असाच दिसतो, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

आमची फिल्म शेवटी ४४ शॉटची झाली. त्यातही घाटातली वळणं घेणारी बस हातानं काढणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. बसचा कोन दर फ्रेमला बदलतो आणि खिडक्यांच्या रेषा जराशा चुकल्या तरी बस रबराची वाटते. टीममधल्या लातूरच्या मित्रानं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधी बस बांधली, वळणावरून चालवली, आणि आम्ही एकाआड एक फ्रेमचे प्रिंट काढून लाइट टेबलवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेवर, पेन्सिलीनं गिरवले. बसचे ९ शॉट, ३८ सेकंद, ४५६ प्रिंट. झेरॉक्सवाल्यानं पानाला दोन रुपये घेतले. ब्लेंडर तेव्हाही फुकट होतं, आजही आहे. तुमच्या गोष्टीत वाहन, यंत्र, जिना, फिरणारा पाळणा असं काही असेल तर हा मार्ग बघा.

आणि ॲनिमॅटिक लॉक करायची तारीख आजच ठरवा. आमचा नियम होता : लॉकनंतर बदल करायचा तर तो ड्रॉइंग कमी करणारा असला पाहिजे. वाढवणारा बदल कितीही चांगला असो, कुणाचाही असो, माझा असो, घ्यायचा नाही. या एका नियमानं आमची बरीच भांडणं वाचवली.

प्रश्न : टीममधला एक मुलगा मनापासून काम करतो, पण त्याचे शॉट कच्चे आहेत. टायमिंग चुकतं. मला स्वतःला ते शॉट दोन रात्रींत नीट करता येतील. त्याला न दुखावता कसं करू?
— एक दिग्दर्शक, मुंबई

उत्तर : त्याला न सांगता करायचा विचार असेल तर करू नकोस. मी केलंय.

आमच्या फिल्ममध्ये एक शॉट आहे. मुलीच्या हातून नाणं पडतं आणि कंडक्टर वाकून ते उचलतो. हा शॉट लातूरच्या मित्राकडे होता. त्यानं काढलेला कंडक्टर फार सावकाश वाकत होता. आधी सीटचा दांडा धरायचा, मग एक गुडघा, मग थांबायचं, मग हात खाली. पेन्सिल टेस्ट, म्हणजे नुसत्या पेन्सिल ड्रॉइंगची हलती चाचणी, बघून मला वाटलं, शॉट रेंगाळतोय. फिल्म पुढे सरकायला हवी. त्याला मी तेव्हा काहीच बोलले नाही. त्याच रात्री लॅबमध्ये थांबले, त्याची ड्रॉइंग पेगबारवर, म्हणजे कागद एकावर एक नेमके बसवणाऱ्या पट्टीवर, लावली आणि वरून माझी काढली. पहाटेपर्यंत शॉट एक सेकंदानं छोटा झाला. मला खरोखर वाटत होतं की मी त्याचं ओझं हलकं करतेय.

गुरुवारी सगळ्यांसमोर शॉट लागला. तो बघत राहिला. काही म्हणाला नाही. पुढचे चार दिवस तो आलाच नाही, फोनही उचलला नाही.

पाचव्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेले. भिंतीवर वहीची पानं चिकटवलेली होती. स्वारगेटच्या स्टँडवर तीन दिवस बसून त्यानं कंडक्टर लोकांचं चढणं, उतरणं, वाकणं काढलं होतं, प्रत्येक हालचालीखाली सेकंद लिहून. आयुष्यभर चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूस दांडा धरल्याशिवाय वाकत नाही, हे त्यानं बघितलं होतं. गाडी थांबलेली असली तरी नाही. मी हे त्याला विचारलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो शॉट फिल्ममध्ये कशासाठी आहे हे मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. 'कंडक्टर नाणं उचलतो' एवढंच शॉट लिस्टमध्ये लिहिलं होतं. सांगितलं असतं की इथे त्यानं मुलीकडे बघायच्या आत नाणं उचललेलं हवं, तर त्यानं स्वतःच त्याचा मार्ग काढला असता.

मी माफी मागितली. तो परत आला. पण तोवर माझ्या ड्रॉइंगचं क्लीन-अप निम्मं झालं होतं आणि वेळ नव्हता. शेवटी वाकणं त्याचं आणि उठणं माझं असा शॉट जोडला. बाकी कुणाला तो जोड दिसत नाही. मला दिसतो. आता तो हैदराबादला गेमच्या कंपनीत आहे, आम्ही बोलतो, दिवाळीला भेटतो. त्या शॉटबद्दल आम्ही पुन्हा बोललेलो नाही.

त्यानंतर मी शॉट लिस्टमध्ये प्रत्येक शॉटपुढे दोन ओळी लिहायला लागले : या शॉटच्या आधी प्रेक्षकाला काय माहीत आहे, आणि शॉट संपल्यावर काय कळलेलं हवं. कसं काढायचं याबद्दल एक अक्षर नाही. सोमवारी आणि गुरुवारी पाच वाजता सगळे शॉट भिंतीवर लागायचे आणि आम्ही त्या दोन ओळींशी ताडून बघायचो. तुझ्या मित्राबरोबर हेच कर. त्याच्या शेजारी बस, त्याच्या शॉटच्या दोन ओळी त्यालाच लिहायला सांग. 'टायमिंग चुकलंय' म्हणू नकोस. 'इथे मला कळलं नाही की तिनं पत्र वाचलं' असं म्हण. त्याला त्याचं ॲक्टिंग स्वतः करून बघायला लाव, मोबाइलवर शूट करा, स्टॉपवॉच लावा. कच्च्या ॲनिमेटरची चूक पुष्कळदा हीच असते की त्यानं हालचाल मनानं काढलेली असते, बघितलेली नसते.

तरीही शॉट जमला नाही तर? तर शॉट सोपा करा. पाठमोरा घ्या, क्लोज-अप घ्या, हातच दाखवा. शॉट बदलायचा, माणूस नाही. आणि शेवटी दुसऱ्या कुणी हात लावणं भागच असेल, तर ते दोघांनी एकाच टेबलवर बसून करायचं, दिवसा.

प्रश्न : आमच्या मार्गदर्शकांनी जानेवारीत सांगितलं की शेवट बदला. अर्धं ॲनिमेशन झालंय. टीम चिडली आहे. ऐकायचं की नाही?
— विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : 'असा बदला' म्हणून ते जे सांगताहेत ते सोडून दे. त्यांना नेमकं कुठे खटकलं ते विचारून घे. 'सर, कुठल्या शॉटपर्यंत तुम्ही गोष्टीबरोबर होता?' असं विचार. बहुतेक वेळा शेवट खटकतो तेव्हा बिघाड आधी कुठेतरी असतो. आम्हालाही जानेवारीतच सांगितलं होतं की मुलीनं शेवटी हात हलवावा, नाहीतर भावना पोचत नाही. आम्ही हात हलवला नाही. पण विचारल्यावर कळलं की कंडक्टरची ही शेवटची फेरी आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सुरुवातीच्या एका शॉटमध्ये स्टँडवर त्याच्या गळ्यात हार घातला आणि पुढे तो हार बॅगेच्या पट्ट्याला अडकवून ठेवला. लॉकचा नियम तेवढ्यापुरता मोडला, पण एका नव्या ड्रॉइंगनं आणि बाकीच्या शॉटमध्ये बॅगेवर चार फुलांनी काम झालं. पुढच्या वेळी त्यांनी शेवटाबद्दल काहीच म्हटलं नाही.

टीमसमोर त्यांच्याविरुद्ध बोलू नकोस. तू चिडलीस की बाकीच्यांना काम थांबवायला कारण मिळतं.

प्रश्न : मला ग्रुपमध्ये काम करायचंच नाही. ॲनिमेशन ही एकट्यानं करायची कला नाही का? कॉलेज जबरदस्ती करतं.
— विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : एकट्यानं करता येते, आणि तुला ती ओढ असेल तर तिला कमी लेखणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली टेबलावर आगकाड्या मांडून, एकेक फ्रेमला त्या जराजरा सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. आज तुझ्या खिशातल्या मोबाइलला स्टँड लावून, सेकंदाला १२ फोटो काढत, कागदी कात्रणांची मिनिटभराची फिल्म तू सुट्टीत एकटा करू शकतोस. कर. मला दाखवायला पाठव.

पण भारतात हाताने काढलेल्या ॲनिमेशनचं रीतसर शिक्षण ज्या ठिकाणी रुजलं तिथे ते एका गटातच रुजलं. १९५६ साली डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले आणि त्यांनी इथल्या तरुणांना एकत्र बसवून शिकवलं. राम मोहन त्यांतलेच, पुढे आपल्याकडच्या कितीतरी ॲनिमेटरांचे गुरू झाले. पॅरिसच्या गोबलाँ संस्थेत पदवीची फिल्म पाच-सहा विद्यार्थी मिळून करतात आणि दिग्दर्शक म्हणून सगळ्यांची नावं लागतात. अमेरिकेत ब्रिगम यंग विद्यापीठात तर अख्खा वर्ग मिळून एक फिल्म करतो. या मुलांना एकट्यानं करता येत नाही म्हणून हे चाललेलं नाही. दुसऱ्यानं काढलेलं की-ड्रॉइंग (हालचालीतलं मुख्य चित्र) समजून घेऊन त्यात आपलं इनबिटवीन (मधली चित्रं) बसवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि स्टुडिओत पहिल्या दिवशी तेच लागतं. तू या वर्षी ग्रुपमध्ये राहा आणि दिग्दर्शन मागू नकोस. एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली दहा शॉट कर.

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच महिने झाले, रात्री दोन-दोनला घरी येते. विचारलं तर म्हणते फिल्म चालू आहे. मी विचारलं, तुझी फिल्म का? तर म्हणाली, नाही, मी साउंड आणि बॅकग्राउंड बघते, दिग्दर्शक दुसरी आहे. मग हिनं एवढं मरायचं कशासाठी? नाव दुसरीचं होणार. नोकरीला याचा काय उपयोग?
— एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी मला समजते, माझे वडीलही अशीच माझी वाट बघत गॅलरीत उभे राहायचे.

आधी नोकरीचं. स्टुडिओत माणूस घेताना आम्ही शो-रील, म्हणजे कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ, बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'यातलं तुम्ही काय केलंत?' नुसतं 'दिग्दर्शन केलं' या उत्तरावर आम्हाला फार काही कळत नाही. 'या १८ शॉटची बॅकग्राउंड माझी' हे उत्तर लगेच कळतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. कामं निघतात तीही बहुतेक अशीच निघतात : बॅकग्राउंड, लेआउट, क्लीन-अप, कंपोझिटिंग. तुमच्या मुलीला तिच्या कामाच्या फाइली, तारखा आणि आधीची स्केचेस जपून ठेवायला सांगा. आणि श्रेयनामावलीत कुणाचं नाव कुठे हे टीमनं आत्ताच लिहून ठेवावं, शेवटच्या आठवड्यात नव्हे. तेव्हा सगळे थकलेले असतात आणि नावावरून झालेली भांडणं मिटत नाहीत.

आता साउंडबद्दल. त्याला दुय्यम समजू नका, आमची फिल्म साउंडवर उभी होती. एसटीचा कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचा हातातला पंच रिकामाच वाजवत गर्दीतून पुढे सरकतो, तो आवाज तुम्ही ऐकला असेलच. २०१३ पर्यंत तिकिटाची मशिनं आली होती आणि पंच दिसेनासे झाले होते. आमच्यातली साउंड बघणारी मुलगी भोरला गेली, चौकशी करत करत एका निवृत्त कंडक्टरांच्या घरी पोचली आणि त्यांचा पंच दोन दिवसांसाठी मागून आणला. हॉस्टेलच्या कपाटात गोधड्या लावून तिनं तो वाजवला, आणि स्वतःला जमेना म्हणून शेवटी त्या काकांनाच मुंबईला बोलावलं. ते उभे राहिले, गाडी हलत असावी तसे किंचित झुलले आणि वाजवू लागले. दोन झटपट, एक उशिरा. आम्ही तो ताल मोजला : ८ फ्रेम, ८ फ्रेम, मग १६. मग मुख्य पात्राचं चालणं त्या तालावर पुन्हा बांधलं. दिग्दर्शक मी होते, पण आमचा कंडक्टर कसा चालतो हे तिनं ठरवलं. हे मी कुठेही, कुणालाही सांगते, तिच्या मुलाखतींच्या वेळी लिहूनही दिलं होतं.

रात्री दोनचं मात्र मला आवडलेलं नाही. पाच महिने रोज दोन वाजत असतील तर कुठेतरी शॉट कापायला हवे होते आणि कापलेले नाहीत. हे तिच्या टीमच्या दिग्दर्शक मुलीला कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगू नका, तुमच्या मुलीला सांगू दे. तिला हा अंक दाखवा, नागपूरच्या विद्यार्थ्याला दिलेला हिशेब वाचायला द्या आणि म्हणा, तुमच्या फिल्मचा असा हिशेब मला करून दाखव.

आणि फेब्रुवारीत कधीतरी ती तुम्हाला लॅपटॉपवर अर्धीमुर्धी फिल्म दाखवेल. कुठे रंग नसेल, कुठे नुसती पेन्सिल, कुठे काळ्या पडद्यावर शॉटचा नंबर. ती तुम्हाला दाखवते आहे तर जेवणाचं ताट बाजूला ठेवून बघा. आवाज मोठा करा.